स्विमिंग पूलच्या पंपाची मोटर सारखी बंद पडतेय? आधी बघा तिला बंद कोण करतंय

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील, आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीत पूल सांभाळणाऱ्या पोराचा फोन आला, "भाऊ, मोटर परत बंद पडली." मी काम आवरून खाली जाईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली, आणि मी पंपरूमच्या दारात उभा असतानाच मोटर आपली आपण चालू झाली, बटणाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. पोरगा म्हणाला, "रोज असंच चाललंय, सकाळी एकदम झकास चालते, दुपारी बंद, मग आपोआप चालू, मग परत बंद." तोपर्यंत पाण्याला धुरकटपणा आलेला होता आणि कडेच्या टाइल्सवर बोट फिरवलं तर बुळबुळीत हिरवट थर लागत होता.

यातली वाईट गोष्ट म्हणजे महिनाभर आधी आम्ही हीच मोटर रिवाइंड करून, म्हणजे आतली तारेची कॉइल नव्याने गुंडाळून, आणली होती. जो बघायला आला त्याने मोटरच्या अंगाला हात लावला, "कॉइल गेली साहेब" म्हणाला, मोटर उचलून नेली, साडेचार हजार घेतले, आणि परत बसवल्यावर दहा दिवस चालून पुन्हा तेच सुरू. कॉइलला काहीच झालेलं नव्हतं हे मला नंतर कळलं. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत आता बऱ्याच सोसायट्यांत पूल आहेत, त्र्यंबक रोडच्या फार्महाऊसवर तर आहेतच, आणि सगळीकडे हीच तक्रार ऐकू येते आणि सगळीकडे पहिलं कॉइलवरच बोट ठेवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पंप बंद राहिला तर बिघडतं काय ते आधी बघू. आमचा पूल १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ९०,००० लिटर पाणी. पंप तासाला साधारण १८,००० लिटर फिरवतो, म्हणजे सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायला ५ तास लागतात. क्लोरीन पाण्यात टाकलं म्हणजे काम झालं असं नसतं, ते कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचायला पाणी फिरतं राहावं लागतं, आणि नेमकं उन्हाच्या वेळी, जेव्हा क्लोरीन सगळ्यात वेगाने उडतं आणि शेवाळ सगळ्यात वेगाने धरतं, तेव्हाच पंप निम्मा वेळ झोपलेला असला तर पाणी चार दिवसांत हिरवं होणारच. त्या पाण्यात आपलीच पोरं उतरतात.

आता मूळ मुद्दा. मोटर जळाली तर ती एकदाच बंद पडते, परत चालू होत नाही. जी मोटर बंद पडते आणि परत चालते आणि परत बंद पडते, तिला मध्ये बसलेलं कोणतं तरी उपकरण बंद करतंय, आणि ते तिला वाचवायला किंवा आपल्याला वाचवायला बसवलेलं आहे. असे चार जण असू शकतात आणि चौघांची बंद करायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे मोटर बंद पडली की पानं-पक्कड उचलण्याआधी दोन मिनिटं उभं राहून नुसतं बघायचं.

बोर्डवरचे सगळे स्विच वर आहेत, मीटर लावला तर मोटरपर्यंत व्होल्टेज येतंय, तरी मोटर गप्प आहे आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, तर ते मोटरच्या पोटातल्या थर्मल कटआउटचं काम. दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली छोटी पट्टी किंवा चकती असते, तापली की वाकते आणि सर्किट तोडते, थंड झाली की टक्कन परत सरळ होते. आमचं हेच होतं. बोर्डवरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली पडली असेल आणि कोणीतरी उचलल्याशिवाय मोटर चालू होत नसेल तर करंट जास्त ओढला जातोय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. एमसीबी जागेवर आहे पण शेजारचं, टेस्ट असं बारीक बटण असलेलं आरसीसीबी पडलंय (जुने वायरमन त्यालाही ईएलसीबीच म्हणतात) तर करंट जमिनीत लीक होतोय, आणि हा प्रकार सगळ्यात गंभीर, त्याच्याकडे शेवटी येतो. चौथा म्हणजे टायमर किंवा पॅनल. फार्महाऊसवर बऱ्याचदा बोअरवेलच्या मोटरचं पॅनल पूलच्या पंपाला जोडून दिलेलं असतं, त्यात ड्राय रन म्हणून सोय असते, मोटरने करंट कमी घेतला की पॅनल समजतं बोअरमधलं पाणी संपलं आणि मोटर बंद करतं. सेटिंग बोअरच्या मोटरचं आणि मोटर पूलची, मग ते चांगल्या चालत्या पंपालाही बंद करत राहतं. असं असेल तर मोटर थंडगार असते आणि पॅनलवर ड्राय रनचा लाल दिवा लागलेला असतो, सेटिंग बदललं की विषय संपला.

एक सांगून ठेवतो, थर्मल कटआउटवर बंद पडलेली मोटर कधीही अचानक चालू होते. म्हणून पंपाचं झाकण उघडायचं असेल, मागचा पंखा बघायचा असेल, तर आधी एमसीबी खाली पाडायची आणि कोणी वर करणार नाही म्हणून माणूस उभा करायचा. "आत्ता तर बंदच आहे" म्हणून हात घालू नका.

तर उष्णता. सिंगल फेजच्या मोटरमध्ये आपण जेवढी वीज घालतो त्यातला पाव भाग किंवा त्याहून थोडा जास्त सरळ उष्णतेत जातो, हे चांगल्या मोटरमध्येसुद्धा. आमची दीड एचपीची मोटर म्हणजे शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) १.१ किलोवॅट, आणि आत जाते साधारण दीड किलोवॅट, मधले चारशे वॅट म्हणजे कपड्याच्या लहान इस्त्रीएवढी गरमी, तीही सतत. ही बाहेर काढायला मोटरच्या मागच्या टोकाला पंखा असतो, त्यावर जाळीची टोपी असते, तो जाळीतून हवा ओढून मोटरच्या अंगावरच्या पन्हाळींमधून पुढे सोडतो. पंपातून पाणी जातं म्हणजे मोटर पाण्याने थंड होत असेल असं खूप जणांना वाटतं, पण या मोटरी हवेवरच थंड होतात. आणि नेहमीच्या मोटरी बनवताना बाहेरची हवा ४० डिग्रीपर्यंत असेल असं धरलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर सावलीतच ४० होतात, आमची पंपरूम पत्र्याची, पश्चिमेकडे तोंड, खिडकी नाही, दार कुलूपबंद. मी साधं थर्मामीटर आत टांगून ठेवलं, दुपारी तीनला ४९ डिग्री.

त्यातून ती मागची टोपी काढली. तीन स्क्रू होते, काढले, टोपी हातात आली आणि आतून जे निघालं ते मी ठेवून द्यायला हवं होतं, कमिटीच्या मीटिंगमध्ये दाखवायला. गुलमोहराच्या सुकलेल्या पाकळ्या, शेजारच्या साइटवरची सिमेंटची धूळ आणि केसांचा गुंता, सगळं मिळून पोतेऱ्यासारखा जाड गोल झाला होता, जाळीच्या भोकांचा ठसा त्यावर उमटलेला. पंखा त्याच्या मागे फिरत होता पण हवा येणार कुठून. ज्याने मोटर रिवाइंड केली त्याने टोपी तशीच परत बसवली होती. दात घासायच्या जुन्या ब्रशने पन्हाळी साफ केल्या, जाळी धुतली, अर्धा तास लागला, खर्च शून्य.

हात लावून मोटर गरम आहे की नाही हे ठरवू नका, चांगली मोटरसुद्धा चालू असताना साठ-सत्तर डिग्रीला बाहेरून गरम असते आणि हात ठेवता येत नाही. कॉइलवरचं इन्सुलेशन एफ क्लासचं असेल तर १५५ डिग्री सोसतं, बी क्लास असेल तर १३०, हे मोटरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. मात्र ठरलेल्या मर्यादेपेक्षा साधारण दर १० डिग्री जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून कटआउट रोज पडतोय आणि आपण रोज दुर्लक्ष करतोय असं महिनाभर चाललं की मग खरोखर कॉइल जाते.

साफसफाईनंतर फरक पडला, दुपारी दोनदा बंद पडायची ती एकदा पडायला लागली, पण प्रश्न संपला नव्हता. मग ओळखीचे एक वयस्कर वायरमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांना बोलावलं. मामांनी आल्या आल्या मोटरला हातच लावला नाही, पाटी वाचली, ७.५ अँपिअर, मग क्लॅम्प मीटर काढून एकाच वायरभोवती अडकवला, ८.६ दाखवत होता. मला म्हणाले, "बोर्डावर व्होल्टेज किती?" मी मोजलं, २०७. "आता मोटरच्या टर्मिनलवर मोज." तिथे १९५. मधले बारा व्होल्ट वायर खात होती.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात हेच सगळ्यात जास्त वेळा होतं. दुपारी-संध्याकाळी सगळीकडे एसी, कूलर चालू झाले की व्होल्टेज उतरतं. बल्बला व्होल्टेज कमी मिळालं तर तो मंद होतो आणि करंटही कमी घेतो, मोटर तशी नाही. तिला तेवढंच पाणी ढकलायचं असतं, व्होल्टेज कमी पडलं की ती करंट जास्त ओढून भरपाई करते, आणि कॉइलमधली गरमी करंटच्या वर्गाने वाढते. ७.५ चे ८.६ झाले म्हणजे करंट १५ टक्के वाढला, पण गरमी जवळजवळ ३० टक्के वाढली.

आणि वायर. मीटररूमपासून पंपरूमपर्यंत आमच्याकडे ५५ मीटर अंतर आहे, बिल्डरने १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली. जाताना ५५ आणि येताना ५५, म्हणजे करंटला ११० मीटर तांब्यातून जावं लागतं. या जाडीच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२.१ ओहम असतो, म्हणजे आपल्या ११० मीटरला १.३३ ओहम, ८.६ अँपिअर धरले की साडेअकरा व्होल्ट गेले. चालू होताना तर मोटर क्षणभर ३० अँपिअर ओढते, तेव्हा ४० व्होल्ट वायरमध्येच संपतात, बोर्डावर २०५ असतील तर मोटरला १६५ मिळतात, आणि मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो म्हणजे जोर निम्माच उरला. ती घूं-घूं करत उशिरा उचलते आणि तेवढ्यात तापते. तीच वायर ४ स्क्वेअर एमएम केली तर रेझिस्टन्स किलोमीटरला ४.६१ वर येतो, साडेअकराच्या जागी साडेचार व्होल्टच जातात. आम्ही वायर बदलली आणि बोर्डावर व्होल्टेज २०० च्या खाली गेलं की मोटर थांबवून ठेवणारं रिले बसवलं. व्होल्टेज मोजायचं ते मोटर चालू असताना मोटरच्या टर्मिनलवर, बोर्डावर मोजून "२२० आहे, ओके" म्हणणाऱ्यावर समाधान मानू नका.

आता पाण्याची बाजू, इथे एक गैरसमज एवढा पक्का आहे की चांगले जाणकारही चुकतात. "फिल्टर चोक झाला म्हणून मोटरवर लोड येतो" असं सगळे म्हणतात. पूलचा पंप सेंट्रिफ्युगल, म्हणजे चक्र फिरवून पाणी बाहेर फेकणारा असतो, त्यात उलटं आहे, पाणी अडलं की मोटर कमी करंट घेते, कारण ती कमी पाणी उचलते. खात्री करायची असेल तर क्लॅम्प मीटर लावून बाहेरचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करून बघा, आकडा खाली उतरताना दिसेल, फक्त पूर्ण बंद करून ठेवू नका, आतलं पाणी तापून सील खराब होतं. उलट सगळे व्हॉल्व्ह मोकळे असले, पाइप आखूड असला, किंवा फिल्टर बायपास करून पंप चालवला तर पाणी जास्त वाहतं आणि करंट वाढतो. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारा) चुकून रिसर्क्युलेट किंवा वेस्टवर, म्हणजे फिल्टर टाळणाऱ्या वाटेवर, राहिला असेल तर तेही बघा. फिल्टर साफ ठेवायचाच, प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करायचं (पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा), पण ते पाण्यासाठी, मोटर ट्रिप होण्याचं उत्तर तिथे सापडत नाही.

पंपातून मोटरवर खरा लोड येतो तो काहीतरी अडकल्यामुळे. पुढच्या पारदर्शक झाकणाखाली जी बास्केट असते ती फुटकी असेल तर कचरा सरळ इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्रात जातो, केस, रबर बँड, पाकळ्यांची देठं. मोटर बंद करून, एमसीबी पाडून, मागच्या पंख्याला बोटाने फिरवा, सहज फिरला पाहिजे. जड फिरतोय, एकाच जागी अडतोय, किंवा खरखर येतेय तर इम्पेलर नाहीतर बेअरिंग. पंप आणि मोटरच्या मधल्या जागी पाण्याचे थेंब आणि पांढरे क्षार दिसत असतील तर शाफ्ट सील गेलंय, आपल्याकडे बोअरचं पाणी जड असल्याने क्षार पटकन दिसतात, आणि ते पाणी पुढच्या बेअरिंगमध्ये जाऊन ग्रीस धुऊन काढतं. सील स्वस्त असतं, ते टाळलं की बेअरिंग जातं, बेअरिंग टाळलं की कॉइल जाते.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि काही सेकंदांत बंद होते, तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्या, आपल्याकडे त्याला कंडेन्सर म्हणतात. मोटरच्या डोक्यावरच्या छोट्या डबीत असतो. फुगलाय, तेल सुटलंय, तर सरळ बदला. दिसायला चांगला असेल तर मीटरवर मायक्रोफॅरड मोजा, वर छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर तोही बदला, कारण कमजोर कंडेन्सरवर मोटर चालते पण तापत चालते आणि मग लोक परत कॉइलला दोष देतात. लाइट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज साठलेला असतो, स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी पाडतात तसं करू नका, साध्या पिवळ्या बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडून त्या टर्मिनलला लावल्या की तो निवांत उतरतो.

एमसीबी पडत असेल तर आधी तिच्या टर्मिनलचे स्क्रू बघा, वायर सैल असली की तिथेच तापतं आणि ती गरमी एमसीबीला आत जाणवते, करंट नेहमीचाच असला तरी ती पडते. वायरचं प्लास्टिक काळं किंवा कडक झालेलं दिसेल. पाटीवर ७.५ आहे आणि एमसीबी ६ ची लावलीय असंही मी पाहिलंय. मोठी एमसीबी लावून टाका हा सल्ला मात्र ऐकू नका. १६ च्या जागी ३२ लावली की मोटर बंद पडायची थांबेल आणि वायर भिंतीत तापत राहील. फार्महाऊसवर थ्री फेजची मोटर असेल तर एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर ती ओढत राहते आणि मिनिटांत तापते, तिथे सिंगल फेज प्रिव्हेंटर लावलेला आहे का आणि तो चालू आहे का एवढं बघा.

आरसीसीबीवर मला मोकळेपणाने बोलायचंय. ते ३० मिलीअँपिअरचं असतं, म्हणजे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट एवढाही फरक पडला की तोडतं. तो फरक म्हणजे करंट मोटरच्या बॉडीतून, ओल्या फरशीतून कुठेतरी जातोय, आणि पूलमध्ये ओल्या अंगाची माणसं असतात. पावसाळ्यात आपल्याकडे हे खूप होतं, सकाळी आरसीसीबी उभंच राहत नाही, दुपारी ऊन पडलं की राहतं, म्हणजे टर्मिनल बॉक्समध्ये किंवा कॉइलमध्ये ओल शिरलीय. क्लोरीनचे डबे आणि अॅसिडचे कॅन पंपरूममध्ये ठेवले असतील तर त्यांच्या वाफेने टर्मिनल गंजतात, आमच्याकडे हिरवे झाले होते, ते सामान दुसऱ्या जागी हलवलं. वायरमनला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणायला सांगा, ५०० व्होल्टच्या मेगरवर कॉइल ते बॉडी एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर ती मोटर चालवायची नाही, वाळवून परत मोजायची. कोणी म्हणालं की "हे आरसीसीबी फालतू ट्रिप होतं, डायरेक्ट करून देतो," तर त्याला नम्रपणे परत पाठवा. आणि आरसीसीबी एकदा जरी पडलं तरी कारण सापडेपर्यंत पाण्यात कोणाला उतरू देऊ नका, सुट्टीचा दिवस असो, पाहुणे आलेले असोत.

आमच्या मोटरचं पुढे असं झालं की जाळी साफ, वायर चारची, पंपरूमच्या दाराला खालून आणि समोरच्या भिंतीला वरून झरोका, पत्र्यावर पांढरा रंग, एवढं केल्यावर मेच्या भर दुपारी मामांनी परत क्लॅम्प मीटर लावला तेव्हा आकडा ७.३ होता. पोराने दाराच्या आतल्या बाजूला खडूने तक्ता आखलाय, रोज दुपारी तीनला व्होल्टेज, अँपिअर आणि गेजचा काटा लिहितो, आणि गुलमोहर फुललेला असेपर्यंत दर रविवारी ती तीन स्क्रूची टोपी काढून झटकतो.